टाळायच्या तारखा

२८ जून

आज टपालाच्या विमानातून पत्र आले. सहा वर्षांत मी रॉकेटकेंद्राला अकरा पत्रे लिहिली, त्यांना आलेले हे पहिले उत्तर. खाली हॅल्वर्सन नावाच्या अधिकाऱ्याची सही आहे. माझी बायको लिडिया, तिने बोट ओले करून सहीवर फिरवून पाहिले. शाई पसरली. म्हणजे माणसाने केलेली आहे, छापलेली नाही.

दोन तळ्यांच्या टेकडीवर पडलेली नळी ते उचलून नेणार आहेत.

ही नळी म्हणजे रॉकेटचा खालचा तुकडा. होडीएवढी लांब, एका टोकाला मोडका पंख. हिवाळ्यात ते लोक ध्रुवीय प्रकाशात रॉकेटे सोडतात, वरची हवा मोजायला. वर गेलेले सगळे कुठेतरी खाली येतेच, आणि ते आमच्याकडे येते, कारण त्यांच्या नकाशावर अलास्काचा हा भाग पांढरा, रिकामा आहे. माझे वडील त्या टेकडीवर तंबू ठोकत. तंबूच्या दगडांपासून वीस पावलांवर ती नळी आडवी पडली आहे.

त्यांनी वर पाहू नये असे मी कधीच लिहिले नाही. लहानपणी मीही वडिलांना विचारले होते, तो प्रकाश नाचतो कशाने? ते म्हणाले, बघ, पण शीळ घालू नकोस. सरकारी माणसांनी यंत्र लावून बघितले तर देवाला त्यात राग येण्यासारखे काही नाही. पण आपण टाकलेले आपण उचलावे, एवढे माझ्या वडिलांनी मला चौथ्या वर्षी शिकवले.

चुलतभाऊ सायलस पत्र वाचून म्हणाला, "सहा वर्षं? तुझा देवसुद्धा याहून लवकर उत्तर देतो रे!"

मी त्याला म्हटले, "देव सही करत नाही."

४ जुलै

पत्राबरोबर नऊ पानांचा फॉर्म आहे. ग्रामपरिषदेची प्रमुख रोझलिन, माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. तिने तो माझ्याच हातात दिला. "मामा, तूच भर. पत्रं तू लिहिलीस. आणि चर्चमध्ये वाचतोस तू, शब्दांना घाबरत नाहीस."

शब्दांना मी घाबरतो. गावच्या शाळेत आठवीपर्यंत शिकलो, आणि पाद्री वर्षातून दोनदाच विमानाने येतात म्हणून रविवारची प्रार्थना मी वाचतो. तिथले शब्द दुसऱ्यांनी आधीच नीट लावून ठेवलेले असतात.

जवळ थडगी आहेत का? दोन, तळ्याच्या पूर्वेला. पिण्याचे पाणी? नदीचे. हेलिकॉप्टर कुठे उतरावे? धावपट्टीवर. काम केव्हापर्यंत व्हावे? मी लिहिले, बर्फ पडायच्या आत.

शेवटच्या पानावर: कोणत्या तारखा टाळाव्यात, आणि का?

इथे पेन थांबले. उत्तर मला माहीत आहे, गावातल्या प्रत्येकाला माहीत आहे. पण ते आमच्यात कोणी उच्चारत नाही. कॅरिबू हरणांचा कळप अमुक दिवशी अमुक टेकडीवरून येईल असे म्हणणे म्हणजे त्यांचा मालक असल्यासारखे बोलणे. माझे वडील बंदूक खांद्यावर टाकून निघत आणि म्हणत, हवा बघून येतो. जुनी माणसे म्हणत की कॅरिबू ऐकतात. ते ऐकतात की नाही हे मला ठाऊक नाही. पण जो आपल्या मनाने येतो आणि आपला जीव देऊन आपल्याला हिवाळाभर जगवतो, त्याचा दिवस आपण जाहीर करू नये, एवढे मला पटते. आल्यावर उपकार मानावेत. त्याआधी तोंड बंद ठेवावे.

लिडिया मासे साफ करत होती. "ते रिकामंच ठेवलंस?"

"काय लिहू?"

तिने सुरी पाण्यात बुडवली. मग म्हणाली, "नको लिहूस. त्यांना ठाऊक असणारच. चाळीस वर्षं आपल्या डोक्यावरनं उडवतायत."

"हो, एवढं तर कोणालाही कळतं."

मी तिथे रेघ मारली नाही, शून्यही काढले नाही. जागा तशीच सोडली.

१७ जुलै

केंद्रातून एका मुलीचा फोन. आवाज गोड. फॉर्म पोचला, आणखी काही सांगायचे आहे का?

"नाही. धन्यवाद," मी म्हणालो.

जाळ्यात आज चाळीसेक पांढरे मासे.

९ ऑगस्ट

डास कमी झाले. टेकडीवरची झुडपे तांबडी पडू लागली. लिडियाने तिन्ही सुऱ्या घासून काढल्या. कशाला ते मी विचारले नाही. सायलस आणि आणखी दोघे हवा बघायला गेले. संध्याकाळी गावाच्या रेडिओवर कोणीतरी विचारले, "हवा कशी आहे?" सायलस म्हणाला, "हवा आहे." घराघरात हसू ऐकू आले असेल. आमच्यात तरी आले.

१८ ऑगस्ट, रविवार

सायलस टेकडीकडून परत आला, चर्चच्या दारात उभा राहिला आणि काही न बोलता टोपी काढली. मी वाचत होतो. सगळ्यांनी पाहिले. मी आवाज खाली आणला आणि प्रार्थना तशीच पुरी केली. घंटा वाजवली नाही.

म्होरके आले आहेत. ऐंशी-नव्वद, बहुतेक म्हाताऱ्या माद्या, उत्तरेच्या उतारावर थांबून वाट हुंगतायत. मोठा कळप त्यांच्या मागे तीन-चार दिवसांच्या चालीवर असतो. आता नियम सगळ्यांना ठाऊक आहे. म्होरक्यांवर गोळी झाडायची नाही, कितीही लठ्ठ असोत. त्यांना टेकडी ओलांडू द्यायची. गाड्यांची इंजिने बंद, कुत्री आखूड बांधलेली, मुले घरात, धूर कमी. त्यांनी वाट पसंत केली की मागचे हजारो त्याच वाटेने येतात. त्यांनी नापसंत केली तर त्या वर्षी कोणीच येत नाही.

हॅना आजी आमच्यातल्या सर्वांत वडील, ब्याऐंशीच्या. त्यांनी गुडघे चोळत मला म्हटले, "यंदा चरबी चांगली असणार. हे मी काही बोलले नाही हं, ओबेद."

"मी काही ऐकलं नाही, आजी."

२० ऑगस्ट

आज लिहावेसे वाटत नाही. तरी लिहितो.

सकाळी दहाच्या सुमाराला दक्षिणेकडून आवाज आला. मला वाटले टपालाचे विमान, पण आज टपालाचा वार नाही. हेलिकॉप्टर होते. सरळ गावावरून दोन तळ्यांच्या टेकडीकडे गेले.

मी धावलो. ह्या वयात आणि ह्या गुडघ्यांनी मी नदीच्या काठापर्यंत धावलो. कोट काढला आणि डोक्यावर धरून फिरवला. परत जा, परत जा. हेलिकॉप्टर इतके खाली होते की पायलटची दाढी दिसली. त्याने मला पाहिले. त्याने हात हलवला. हसला आणि हात हलवला! त्याला वाटले मी स्वागत करतोय.

म्होरके तेव्हा टेकडीच्या माथ्यावर होते. पुढच्या चार-पाच अलीकडे उतरूही लागल्या होत्या. दुर्बिणीतून सायलसने पाहिले, मी नुसत्या डोळ्यांनी पाहिले. आधी त्या सगळ्या एका जागी गोळा झाल्या. मग एक वळली. मग उतारावरचा तांबडा रंगच जणू परत सरकत गेला. हेलिकॉप्टर माथ्यावर तासभर थांबले, उठले, पुन्हा खाली आले. शेवटी दोराला ती नळी लटकवून, गोल गोल फिरवत, आमच्या डोक्यावरून घेऊन गेले.

जाताना ते धावपट्टीवर उतरले. हॅल्वर्सन स्वतः खाली आले. उंच, लाल चेहऱ्याचा, भला दिसणारा माणूस. माझा हात दोन्ही हातांत घेतला. "ओबेद! बघा, तुम्ही म्हणालात तसं. बर्फ पडायच्या आत!" त्यांच्या माणसाने सफरचंदांची पेटी आणि एक छापलेले आभारपत्र माझ्या पायाशी ठेवले.

सहा वर्षे मी ह्या माणसाला पत्रे लिहिली आणि तो समोर उभा असताना मी मुका झालो. सायलस मागून म्हणाला, "साहेब, तुम्ही आमचा हिवाळा उडवून लावलात." हॅल्वर्सनना इंजिनाच्या आवाजात ऐकू गेले नसावे. ते म्हणाले, "हो, हो, तुमचं निसर्गसौंदर्य अप्रतिम आहे."

२१ ऑगस्ट

सफरचंदांची पेटी चर्चच्या पायरीवर तशीच आहे.

२७ ऑगस्ट

उत्तर उतार रिकामा. आज गावाने गाड्या सुरू केल्या. कोणी तसे ठरवले नाही. एकाने केली, मग सगळ्यांनी केल्या.

२ सप्टेंबर

केंद्राला फोन लावला. तीनदा वाट पाहायला लावून शेवटी हॅल्वर्सनना दिला. मी सगळे सांगितले. म्होरके, माथा, वळणे. पहिल्यांदाच मी ते परक्याला सांगत होतो आणि कान जळत होते.

मग कागद उलटल्याचा आवाज आला. "ओबेद, माझ्यापुढे तुमचा फॉर्म आहे. शेवटच्या पानावर आम्ही विचारलं होतं. ते तुम्ही रिकामं सोडलंय."

"हो."

"तुम्ही एक ओळ लिहिली असती तर आम्ही सप्टेंबरात आलो असतो. शपथेवर सांगतो. आमच्या कचेरीतल्या मुलीने फोनही केला होता."

"ते लिहायचं नसतं," मी म्हणालो.

"म्हणजे?"

मी कसे सांगू? तो माणूस खोटे बोलत नव्हता, म्हणूनच मला अधिक राग आला. त्याने मुद्दाम केले असते तर मी क्षमा करायला बसलो असतो, मला ते येते. पण चाळीस वर्षे ज्या जमिनीवर लोखंड टाकत आहात, त्या जमिनीवर ऑगस्टात कोण चालते हे तुम्हाला कागदावर लिहून द्यावे लागते? डोक्यावर साठ मैल उंचीवरची हवा कुठल्या वेळी कशी वागते हे तुम्हाला न विचारता कळते!

फोन ठेवल्यावर हातातली बशी मी भिंतीवर मारली. लिडियाने तुकडे गोळा केले. आमच्या लग्नाला सव्वीस वर्षे झाली, मी कधी काही फेकले नव्हते.

४ सप्टेंबर

रोझलिनला फॉर्मबद्दल सांगितले. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकले. मग म्हणाली, "मामा, माझ्याकडे असता तर मीसुद्धा रिकामाच सोडला असता."

सायलस मात्र म्हणाला, "नऊ पानं भरलीस रे. थडगी मोजलीस, पाणी सांगितलंस. एक ओळ जड झाली?" चेष्टा नव्हती. तोही त्या फॉर्मवर काही लिहू शकला नसता हे त्याला ठाऊक आहे, आणि म्हणूनच तो माझ्यावर चिडला आहे.

हॅना आजींकडे गेलो. त्या म्हणाल्या, "तू बरोबर केलंस."

"मग हे असं कसं झालं, आजी?"

"बरोबर केल्यावरही होतं," त्या म्हणाल्या आणि चहात साखर ढवळत बसल्या.

२२ सप्टेंबर

पहिले बर्फ. सायलस आणि मुलांनी नदीच्या खालच्या वळणावर एक मूस, घोड्याएवढे हरीण, मारला. ऐंशी माणसांना एक मूस. मासे आहेत. ससे आहेत. धुराच्या झोपडीत ज्या दांड्यांवर सुकते मांस लटकायचे त्या नुसत्याच आहेत. लिडिया तिथे जायचे टाळते.

आज टपालातून केंद्राचा अहवाल आला. मोहीम यशस्वी, असे पहिल्याच ओळीत. मग पान चौदा: "कालावधीबाबत ग्रामस्थांची कोणतीही हरकत नाही." खाली तारा काढून: ग्रामप्रतिनिधी ओ. गिनिस यांच्या फॉर्मच्या आधारे.

माझे नाव. मी काही म्हटले नाही, त्याचे त्यांनी 'हरकत नाही' केले.

पुढे पान एकवीस. आमच्या भागात आणखी तेवीस तुकडे आहेत. पाच वर्षांत ते उचलायचे आहेत, दरवर्षी ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात, कारण यंदा त्या आठवड्यात हवा उत्तम होती आणि स्थानिकांचे सहकार्य लाभले. हिवाळी रॉकेटेही वाढणार. आक्षेप असल्यास ऑक्टोबरच्या आठ तारखेला गावच्या शाळेत जाहीर सुनावणी.

पाच वर्षांचे पाच ऑगस्ट. दोन वर्षे कळप वळला तर तो नवी वाट धरतो, आणि म्हाताऱ्या माद्या मेल्या की जुनी वाट ठाऊक असलेले कोणी उरत नाही. मग गावाने इथे राहायचे कशावर?

मी रोझलिनला सांगितले, सुनावणीत मी बोलेन.

"काय बोलशील?"

"तारखा सांगेन."

"माइकवर?"

७ ऑक्टोबर

शहरातून रॉकेटविरोधी लोक आले आहेत, पाच जण. त्यांतला वेस्ली नावाचा दाढीवाला आमच्याकडे उतरला आहे. मूसच्या मांसाचे तीन वाडगे खाल्ले. रॉकेटांनी सरकार हवामान फिरवते, वरच्या हवेला तापवून लोकांच्या डोक्यात विचार घालते, असे तो म्हणतो. त्याच्याकडे चित्रे आहेत.

लिडियाने विचारले, "मग तुमच्या डोक्यात का नाही घातले?"

"मी टोपी घालतो," तो म्हणाला. खरेच, टोपीला आतून चांदीचा कागद लावलेला आहे.

"आणि आमचं काय?"

"तुम्ही साधी माणसं आहात. तुमच्यात त्यांना रस नाही."

लिडिया उठून बाहेर गेली. तिचे हसणे मला भिंतीपलीकडून ऐकू आले. मला हसू आले नाही. उद्या हा माणूस आमच्या बाजूने बोलणार आहे.

८ ऑक्टोबर

शाळेच्या खेळाच्या खोलीत सुनावणी. एका बाजूला केंद्राचे सात जण, मध्ये टंकलेखक बाई, आणि भिंतीशी ऑगस्टातला तो दाढीवाला पायलट, ब्रेडी. आज त्यानेच त्यांना आणले.

प्रत्येकाला तीन मिनिटे. वेस्लीने पंचवीस घेतली, कारण त्याला थांबवले की तो "गळचेपी, गळचेपी" ओरडत होता. शहरातल्या वर्तमानपत्राचा फोटोवाला त्याच्या टोपीभोवतीच फिरत राहिला. केंद्राच्या लोकांच्या चेहऱ्यांवर हळूहळू ते हसू आले, जे माणसे एकमेकांकडे न पाहताही वाटून घेतात. मला त्याला बखोटीला धरून बाहेर काढावेसे वाटले. आमच्या गावात येऊन, आमचे मांस खाऊन, आमचेच म्हणणे त्याने वेड्याचे करून टाकले.

मग माझे नाव पुकारले.

मी आधी म्हणालो की ह्या पाहुण्याने जे सांगितले ते आमचे म्हणणे नाही. तुम्ही आकाशात काय मोजता याच्याशी माझे भांडण नाही. खोली भरलेली होती. सगळे माझेच लोक, आणि मी काय करणार हे सगळ्यांना ठाऊक. हॅना आजींनी डोक्यावरचा रुमाल पुढे ओढून कान झाकले. कोणाचा तरी पाय जमिनीवर घासला.

मी बोललो. "सोळा ऑगस्ट ते चोवीस. कधी दोन दिवस अलीकडे, कधी पलीकडे. उत्तर उतारावरून येतात, दोन तळ्यांच्या मधली जी खिंड आहे तिच्यातून माथा ओलांडतात. आधी म्होरके, मग तीन-चार दिवसांनी मोठा कळप, सगळ्यांत मागे मोठे नर. ह्या दिवसांत वरून काही उडू नये. तुम्ही विचारलं होतं, मी लिहिलं नव्हतं. आमच्यात ते सांगत नाहीत. आज सांगतोय, कारण तुम्ही आमच्या गप्प बसण्याला माझ्या नावासकट 'हरकत नाही' म्हणून छापलंत. असं कोणाच्या घरात कोणी करत नाही. तुमच्याही नसेल."

टंकलेखक बाई म्हणाल्या, "खिंड कुठली, ते पुन्हा सांगाल?"

मी पुन्हा सांगितले. त्यांनी नकाशा पुढे केला, त्यावर मी बोट ठेवले, आणि त्यांनी तिथे लाल फुली मारली.

हॅल्वर्सन उठून आले. डोळे ओले होते. "हे आम्हाला आधी कळायला हवं होतं. मी शब्द देतो." मला वाटते ते शब्द पाळतील. मागच्या खेपेसही पाळला होता.

चहाच्या वेळी ब्रेडी जवळ आला. ऑगस्टात हात हलवला त्याबद्दल त्याने माफी मागितली, मनापासून मागितली. मग म्हणाला, "आणि ते मोठे नर, ते किती दिवसांनी मागून येतात? त्याच खिंडीतून?" मी सांगितले, आठवडाभराने. त्याने स्वतःच्या वहीत लिहून घेतले. केंद्राकडून आलेल्यांत हाच एक निघाला ज्याला पुढचे विचारावेसे वाटले. मला त्या भेटीने बरे वाटले.

आजी माझ्याशी न बोलता घरी गेल्या.

१० ऑक्टोबर

शहरातले वर्तमानपत्र आले. पहिल्या पानावर चांदीची टोपी. खाली: रॉकेटविरोधकांची गावात गर्दी. आमच्यापैकी कोणाचेही नाव नाही, कळपाचाही उल्लेख नाही. सायलसने त्याच कागदाने चूल पेटवली आणि म्हणाला, "चला, डोक्यात नाही तर चुलीत तरी विचार घातला."

तो आता माझ्याशी पहिल्यासारखा बोलतो.

२९ ऑक्टोबर

जिंकलो. दुसरे काय लिहू! अंतिम निर्णय आला. पुढची पाच वर्षे दहा ते एकतीस ऑगस्ट दोन तळ्यांच्या टेकडीपासून वीस मैलांत केंद्राचे काहीही उडणार नाही. तुकडे सप्टेंबराच्या शेवटी उचलणार. पान चौदावरचे ते वाक्य काढले आहे. त्या जागी माझे सगळे बोलणे छापले आहे, अक्षरशः, आणि समोर नकाशा, लाल फुलीसकट. पुस्तक गुळगुळीत कागदाचे आहे. कोणालाही फुकट मिळते, संगणकावरही वाचता येते, असे हॅल्वर्सनच्या चिठ्ठीत आहे.

पूर्वेच्या नदीवरच्या आमच्या ग्विचिन जमातीच्या भाऊबंदांनी नऊ पोती मांस धाडले. कळप यंदा त्यांच्याकडून गेला. चिठ्ठीत नुसते लिहिले होते, "हवा आमच्याकडे चांगली होती." रविवारी मी उपकाराची प्रार्थना वाचली. हॅना आजी आल्या होत्या, शेवटच्या बाकावर बसल्या. मी त्यांना पुस्तक दाखवले. त्यांनी फुलीवर अंगठा ठेवून झाकली आणि विचारले, "हे किती जणांकडे आहे?"

"सगळ्यांना मिळतं, आजी."

त्यांनी अंगठा उचलला नाही.

१४ नोव्हेंबर

परिषदेच्या कचेरीतला फोन मी घेतला, कारण रोझलिन शहरात आहे. लांबचा आवाज, आनंदी. कुठल्याशा दक्षिणेकडच्या राज्यातला माणूस. सरकारी अहवाल वाचला म्हणाला. फार उपयुक्त आहे, इतकी नेमकी माहिती कुठेच मिळत नाही. ते आठ मित्र आहेत, शिंगांचे शौकीन.

"ओ. गिनिस म्हणजे तुम्हीच का? व्वा! म्हणजे ऑगस्टच्या अखेरीस मोठे नर खिंडीतून, बरोबर ना? तुमच्या जमिनीत आम्ही पाऊल टाकणार नाही, नकाशा पाहिलाय. तुमची हद्द टेकडीच्या अलीकडेच संपते."

संपते. पलीकडची सरकारची आहे. परवाना घेतला की कोणीही तिथे बंदूक घेऊन बसू शकतो. केंद्राचे हेलिकॉप्टर उडणार नाही असे लिहिले आहे. इतर कोणाचे विमान उडू नये असे लिहिलेले नाही.

"विमानाची सोय झालीय," तो म्हणाला. "पायलट त्या माथ्यावर आधी उतरलेला आहे. हवा शांत असते म्हणे त्या दिवसांत. आवाज करणारं कोणी नसतं."

कोण पायलट, हे मी विचारले नाही. मला ते कळले होते. त्याच्या वहीतली ओळ मीच सांगितली होती, चहा पाजून.

"गावात आठ जणांची राहायची सोय होईल का?" त्याने विचारले.

मी म्हणालो, मी चौकशी करून सांगतो. त्याने मला देवाचा आशीर्वाद दिला आणि मीही सवयीने त्याला दिला.

मग मी हॅल्वर्सनना फोन केला. ती पाने काढा म्हणालो. ते म्हणाले, "ओबेद, जाहीर सुनावणीतलं जाहीर केलंच पाहिजे. कायदा आहे. पारदर्शकता तुमच्याच लोकांच्या फायद्याची आहे." त्यांचा आवाज खरोखर दुःखी होता. मला आता त्यांच्या दुःखाचा वीट आला आहे. गप्प बसलो तर ती संमती होते, बोललो तर ती जाहिरात होते. तिसरे काय करायचे असते ते कोणत्या फॉर्मवर आहे?

१६ नोव्हेंबर

दिवसभर प्रार्थनेचे पुस्तक पुढ्यात उघडून बसलो आणि एक ओळ वाचली नाही. देवाला राग सांगता येतो असे मी नेहमी म्हणत आलो. आज सांगितला. शब्द दुसऱ्यांनी लावलेले नव्हते.

१९ नोव्हेंबर

त्या माणसाचा पुन्हा फोन आला, ह्या वेळी घरी. नंबर कुठून मिळाला देव जाणे. अहवालातच असेल.

मी म्हणालो, "ती तारीख चुकीची छापली आहे. टंकलेखक बाईंना माझा उच्चार समजला नाही. नर ऑक्टोबरात येतात. आणि खिंडीतून नाही, खाली नदीच्या मुखाशी, सत्तर मैलांवर."

"अरेच्चा! नशीब विचारलं," तो म्हणाला. वहीत लिहून घेतल्याचा आवाज आला. "पायलटला सांगतो."

"हो, त्यालाही सांगा. मी त्याला चुकीचं सांगितलं होतं, माफी मागितली म्हणून सांगा."

बावीस वर्षे मी गावापुढे उभा राहून वाचतो आहे. लिडिया चुलीपाशी होती. तिने सगळे ऐकले होते.

"रविवारी वाचणार ना तू?" तिने विचारले.

"ठाऊक नाही."

तासाभरात पुन्हा फोन वाजला. वेगळा माणूस, वेगळे राज्य, तेच पुस्तक. माझ्याने उचलवेना. लिडियाने हात पुसले, फोन घेतला, आणि मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता इतका गोड आवाज काढून म्हणाली, "हो, हो, गिनिस यांचंच घर. ऑगस्ट? छे हो! ऑक्टोबर, नदीच्या मुखाशी. हजारोंनी! आणि हे बघा, येताना मोठ्यानं गाणी म्हणत या. त्यांना फार आवडतं."

मी तिला थांबवले नाही.